'रंग बदलणे'ला दुसरा शब्द?

निपाणीहून प्रश्न आलाय. मैत्रिणीच्या चित्रांचं बेळगावात प्रदर्शन आहे, एकच झाड नि एकच गल्ली वेगवेगळ्या वेळेला काढलीय. माहितीपत्रकात 'तिच्या चित्रांत रंग बदलतात' असं लिहिलं तर घरातले हसले, 'सरड्यागत का?' म्हणून. मग 'रंगपरिवर्तन' चालेल का?

नको हो, परिपत्रक वाटतंय. घरातल्यांचं हसणं मात्र बरोबर आहे, 'रंग बदलणं' माणसांना फार चिकटलंय, आणि पत्रकाची दुसरी बाजू कन्नडात काढणार असाल तर तिथंही सुटका नाही, 'बण्ण बदलायिसु' म्हटलं की ऊसरवळ्ळीच आठवते, म्हणजे सरडाच की.

पण एकच शब्द कशाला शोधायचा, मराठीत रंगाचं काय झालं नि कशानं झालं त्यावर क्रियापद ठरतं. बेळगावातल्या शहापुरात साडी घ्यायला गेलं की ऐकू येतंच, धुण्यात रंग 'जातो', उन्हानं 'उडतो', नुसता जुना होऊन 'विटतो'. चित्रातही तेच. व्हॅन गॉगच्या १८८८ च्या 'बेडरूम'मधल्या भिंती आज निळ्या दिसतात, मुळात त्या जांभळट होत्या, मिश्रणातला तांबडा उजेडानं गेला आणि निळा तेवढा मागं राहिला, तर तिथं 'तांबडा उडाला' म्हणायचं, बस्स.

ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनीचं उलट. त्यानं २०२०-२१ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीतल्या ऋतूंची आयपॅडवर चित्रं काढली आणि ती जोडून सुमारे ९० मीटरची लांबच लांब पट्टी केली, चालत चालत बघायची. तिथं 'पालटतो' बसतं, कारण ऋतू पालटतो तसा तो रंग पालटून परत येतोही, विटलेला रंग काही परत येत नाही.

कधी कधी रंग तोच असतो, शेजार बदलतो. चित्रकार जोसेफ आल्बर्सनं १९५० पासून चौकोनात चौकोन काढून हेच तर तपासलं, एकाच रंगाशेजारी दुसरा ठेवला की तो वेगळाच दिसतो. याला आपल्याकडं 'उठतो' आणि 'मारतो' असे झकास शब्द आहेत, पिवळ्याशेजारी जांभळा उठतो, भडक तांबडा बाजूच्या फिक्याला मारतो. समीक्षेत हे का लिहीत नाहीत कुणास ठाऊक, 'रंगसंवाद' बिनवाद चालतो.

माझा सगळ्यात आवडता शब्द 'पुसट'. दक्षिण आफ्रिकेचा विल्यम केंट्रिज कोळशानं चित्र काढतो, कॅमेऱ्यानं टिपतो, थोडं पुसतो, त्याच कागदावर पुढचं काढतो, पुन्हा टिपतो, असं करत फिल्म होते, सगळं काळंकरडं, कुठंतरी निळा नाहीतर तांबडा. पुसलेलं पूर्ण जात नाही, कागदावर खूण राहते. पुसट म्हणजे पुसूनही उरलेलं, या रेषांना याहून नेमका शब्द मला तरी सुचत नाही.

आणि 'छटा' नि 'झाक' एक धरू नका. छटा म्हणजे त्याच रंगाचा फिका-गडद प्रकार, झाक मात्र दुसऱ्या रंगाची मारते, हिरव्यात निळ्याची झाक. मैत्रीण थरावर थर देत असेल आणि खालचा रंग वर डोकावत असेल तर झाक लिहा. एकच झाड सकाळ-संध्याकाळ असेल तर सरळ 'उन्हाबरोबर झाडाचा रंग पालटत जातो' एवढंच लिहा, घरातले हसणार नाहीत.