वाचकांचे प्रश्न : तवंग निघाला कुठे?

२५ मे २०२५ रोजी केरळच्या किनाऱ्याजवळ ‘एमएससी एल्सा ३’ हे कंटेनरवाहू जहाज बुडालं. त्याच्या टाक्यांत सुमारे ८४ टन डिझेल आणि ३६७ टन फर्नेस ऑइल (जाड, काळं इंधन) होतं. तेल कुठल्या किनाऱ्याला लागेल हे उपग्रहावरून आधी कसं कळतं, असं विचारणारी पत्रं नागपुरातूनही आली. त्यांतल्या चार प्रश्नांची ही उत्तरं.

आभाळ भरलेलं असताना किंवा रात्री उपग्रहाला पाण्यावरचं तेल दिसतं कसं?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, मानेवाडा

कॅमेऱ्याला दिसत नाही, रडारला दिसतं. युरोपचा सेंटिनेल-१ उपग्रह ५.६ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओलहरी तिरप्या खाली सोडतो. वाऱ्याने समुद्रावर काही सेंटिमीटरच्या बारीक लहरी उठतात, त्या हा संकेत परत फेकतात आणि चित्रात समुद्र करडा येतो. तेल नेमक्या याच लहरी दाबून टाकतं. मग संकेत गुळगुळीत पृष्ठभागावरून पुढे घसरून जातो आणि तिथे काळा डाग उमटतो.

म्हणजे या कामाला वारा हवाच. साधारण ३ ते १० मीटर प्रतिसेकंद हा सोयीचा पट्टा. त्याखाली सगळा समुद्रच काळा दिसतो. १२च्या वर गेलं की लाटा फुटून तेल पाण्यात घुसळलं जातं आणि डाग पुसट होतो. जून-जुलैत अरबी समुद्रावर ही वरची मर्यादा सर्रास ओलांडली जाते. त्या दिवसांत ‘तवंग आढळला नाही’ याचा अर्थ ‘तेल नाही’ असा घेऊ नका.

प्रकल्पासाठी करायचं असेल तर युरोपीय अंतराळ संस्थेची ‘स्नॅप’ प्रणाली मोफत आहे. व्हीव्ही ध्रुवीकरणाचं, म्हणजे उभ्या लहरी सोडून उभ्याच टिपलेलं, चित्र घ्या. जमीन झाका, कॅलिब्रेशन करा (चित्रातले आकडे परतलेल्या संकेताच्या मापात आणा), ठिपक्यांचा गोंधळ गाळा आणि मग तेलशोधक चालवा. भोवतालच्या पाण्यापेक्षा २ डेसिबलने (संकेताच्या ताकदीचं एकक) गडद तो भाग संशयित, ही सुरुवातीची मर्यादा ठीक असते. नकाशावर बसवण्याची दुरुस्ती शेवटी करा.

खरी कसरत त्यानंतर सुरू होते. बेटाआडचं निवांत पाणी, शैवालाचा थर, जोराच्या पावसाची सर, हे सगळं तेलासारखंच काळं दिसतं. त्याच वेळेचा वाऱ्याचा नकाशा शेजारी उघडा. डागाच्या जागी वारा २ मीटरवर आलेला असेल तर तो डाग सोडून द्या. लांब, अरुंद पट्टा आणि त्याच्या टोकाला जहाजाचा पांढरा ठिपका दिसला तर संशय पक्का होतो. तेलाची जाडी मात्र असल्या चित्रातून निघत नाही. तर्रीवरचा तवंग वरून बघून खाली तेल किती हे जसं सांगता येत नाही, तसंच.

तवंगाची पुढची वाट कागदावर काढता येते का? वर्गात मुलांकडून करून घ्यायची आहे.
— भूगोलाच्या शिक्षिका, धरमपेठ

येते, आणि एकदा तरी हातानेच काढावी. नियम एका ओळीचा आहे : तेल प्रवाहाच्या पूर्ण वेगाने आणि वाऱ्याच्या सुमारे ३ टक्के वेगाने सरकतं. दोन्हींची दिशेसकट बेरीज करायची.

समजा, रत्नागिरीसमोर किनाऱ्यापासून ४० किलोमीटरवर तवंग आहे. वारा नैऋत्येकडून ८ मीटर प्रतिसेकंद. त्याचे ३ टक्के ०.२४, दिशा ईशान्य. म्हणजे पूर्वेला ०.१७ आणि उत्तरेला ०.१७. पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्याने प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, तो ०.३० धरा. बेरीज केली की पूर्वेला ०.१७ आणि दक्षिणेला ०.१३ उरतात. दिवसाला पूर्वेकडे साधारण १५ किलोमीटर आणि दक्षिणेकडे ११. किनारा उत्तर-दक्षिण सरळ मानला तर सुमारे ६५ तासांनी तेल किनाऱ्याला लागेल, रत्नागिरीच्या तीसेक किलोमीटर खाली. वारा ईशान्येला ढकलतोय, प्रवाह दक्षिणेला ओढतोय आणि तेल निघालंय आग्नेयेला. मुलांना हे चमत्कारिक वाटतं, म्हणून उदाहरण हेच घ्या. (उत्तर गोलार्धात तेल वाऱ्याच्या थोडं उजवीकडेही झुकतं, वर्गापुरतं ते सोडून दिलं तरी चालेल.)

आता चुका. सगळ्यांत महागात पडणारी चूक दिशेची. हवामानात वारा ‘कुठून’ येतो ते लिहितात, समुद्रशास्त्रात प्रवाह ‘कुठे’ जातो ते. वरच्या गणितात नैऋत्य ही वाऱ्याची जाण्याची दिशा धरली तर तेल भर समुद्रात निघून जातं आणि किनारा सुरक्षित ठरतो! दुसरी चूक वेळेची. उपग्रहचित्रावरची वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते. ०१:१० म्हणजे आपल्याकडची सकाळची ०६:४०. खुल्या समुद्रात साडेपाच तासांच्या घोळाने चारेक किलोमीटर बिघडतात. खाडीत मात्र भरतीच्या जागी ओहोटी येते आणि उत्तर उलटंच होतं. तिसरी एककांची. १ नॉट म्हणजे ०.५१ मीटर प्रतिसेकंद. काही फायलींत प्रवाह सेंटिमीटरमध्ये असतो.

आकडे कुठून आणायचे, हेही बघा. इस्रोच्या ओशनसॅट-३वरचा स्कॅटरोमीटर समुद्रावरचा वारा मोजतो, पण तो होऊन गेलेला वारा. उद्याचा वारा हवामानाच्या प्रारूपातूनच, म्हणजे संगणकी गणितातूनच घ्यावा लागतो. त्या प्रारूपांना उपग्रहाची मोजमापं पुरवलेली असतात. प्रवाहाचंही तेच. अल्टिमीटर समुद्राची उंची मोजतो, उंचीच्या उतारावरून प्रवाह काढतात. पण किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात जमिनीमुळे ते माप बिघडतं, आणि भरती-ओहोटीचा प्रवाह त्यात धरलेलाच नसतो. मुंबईच्या बंदरात नुसत्या अल्टिमीटरवर विसंबणं म्हणजे उधाणाच्या दिवशी पंचांग न बघता होडी लोटणं. तिथे भरतीचं वेगळं प्रारूप लागतं.

युरोपच्या ‘कोपर्निकस मरीन’ या समुद्रविषयक सेवेकडून जगभरच्या प्रवाहांचा अंदाज सुमारे ९ किलोमीटरच्या चौकटींत मोफत मिळतो. त्यातल्या एका संचात भरती आणि लाटांमुळे होणारं वहनही मिळवलेलं असतं. तो घेतलात तर वाऱ्याचा वाटा ३ वरून २ टक्क्यांच्या आसपास आणा, नाहीतर लाटांचा ढकला दोनदा मोजला जातो.

आणि उत्तर एका रेषेत देऊ नका. प्रवाहात फक्त ०.१ मीटरची चूक असली तरी ४८ तासांत तवंग १७ किलोमीटर इकडेतिकडे होतो. म्हणून तेलाची वाट काढणाऱ्या जीनोम (GNOME) किंवा ओपनड्रिफ्टसारख्या प्रणालींत हजारेक कण सोडतात, वारा-प्रवाह थोडे बदलून बघतात आणि नकाशावर पट्टा काढतात. नवं चित्र आलं की गणित नव्या जागेपासून पुन्हा सुरू करायचं, जुनं ओढत न्यायचं नाही.

तेलाची जातही भरावी लागते. डिझेल काही दिवसांत बरंचसं उडून आणि विरून जातं. फर्नेस ऑइल फार कमी उडतं. ते पाणी शोषून घट्ट, तपकिरी लगदा होतं आणि आकारमान तिप्पट-चौपट वाढतं. उपसायचं काय, याचा हिशेब सांडलेल्या टनांवर नव्हे, या लगद्यावर करावा लागतो.

समुद्र नसलेल्या नागपुरात बसून हे शिकण्यात अर्थ आहे का?
— पदवीधर, महाल

देशाचा तेलगळतीचा अंदाज देणारी ‘इन्कॉइस’ हैदराबादेत आहे. समुद्र तिलाही दिसत नाही. नागपुरात तर इस्रोचं प्रादेशिक सुदूर संवेदन केंद्र आहे आणि राज्याचं तसंच केंद्र ‘एमआरसॅक’ही. घरी सुरुवात करायला १६ जीबी रॅमचा संगणक आणि बऱ्यापैकी इंटरनेट पुरे. सेंटिनेल-१चं एक चित्र एक-दीड जीबीचं असतं. पायथन ही संगणकभाषा मात्र शिकून घ्या. सरावासाठी ऑगस्ट २०१० निवडू नका. मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ जहाजाची टक्कर तेव्हा झाली, पण सेंटिनेल-१ अवकाशात गेला २०१४मध्ये. जानेवारी २०१७ची चेन्नईजवळच्या एन्नोरची गळती किंवा २०२०ची मॉरिशसची ‘वाकाशिओ’ जहाजाची गळती घ्या.

मे महिन्यात कोकणात गेलो, तर वाळूत डांबराचे गोळे. ते कुठल्या जहाजाचे हे उपग्रहावरून उलटं शोधता येईल का?
— वाचक, सिव्हिल लाइन्स

घड्याळ उलटं फिरवून वाट मागे काढता येते. वरचंच गणित, फक्त वेळ उणे. पण तेल पसरतं ते काही उलटं गोळा होत नाही, त्यामुळे जितकं मागे जावं तितका संशयाचा पट्टा रुंद होतो. तीन-चार दिवसांपलीकडे दिशा कळते, जहाज नाही. डांबरगोळे तर बराच काळ पाण्यात राहून घट्ट झालेले असतात आणि नैऋत्येचे वारे सुरू झाले की किनाऱ्याला लागतात. जहाज ठरवायचं तर त्या वेळचं रडारचित्र, जहाजांच्या एआयएस नोंदी (जहाजं रेडिओवरून आपली जागा कळवतात त्या) आणि गोळ्याची रासायनिक तपासणी, तिन्ही जुळावं लागतं. ताजा तवंग दिसला तर वेळ आणि जागा टिपून तटरक्षक दलाला कळवा. पायाला चिकटलेलं डांबर रॉकेल किंवा पेट्रोलने काढू नका. खोबरेल तेल चोळून मऊ करा, पुसा आणि मग साबण लावा.