पेट्रोल महागलं, ट्रीप रद्द करायची का? तुमचे प्रश्न आणि माझा हिशोब

मे महिना तोंडावर आला की मला येणारे प्रश्न बदलतात. एरवी लोक विचारतात कुठे जाऊ, आता विचारतात जाऊ की नको. सगळ्यांचं कारण एकच, पेट्रोल. आकडेमोड सोपी पडावी म्हणून खाली सगळीकडे पेट्रोल 105 रुपये लिटर धरलंय, तुमच्या पंपावर जो भाव असेल तो टाकून बघा.

प्रश्न : आम्ही पाच जण, पुण्याहून हरिहरेश्वर, गणपतीपुळे, तारकर्ली आणि परत असा पाच दिवसांचा प्लॅन होता. पेट्रोलचे भाव बघून बायको म्हणतेय कॅन्सल कर. काय करू? (वाचक, पुणे)

वहिनींना आधी हा हिशोब दाखवा. तुमचा रूट तिथलं फिरणं धरून साधारण अकराशे किमी होतो. सागरी रस्ता, घाट, वळणं आणि एसी चालू, त्यामुळे कंपनी काहीही सांगो, गाडी 14 च्या वर अ‍ॅव्हरेज देणार नाही. म्हणजे 78-79 लिटर, सव्वाआठ हजार रुपये. आता समजा पेट्रोल दहा रुपयांनी वाढलं तर तुमच्या खिशातून जादा जाणार किती, तर आठशेच्या आत. आणि दोन रूम, चार रात्री, रूमला तीन हजार धरले तरी चोवीस हजार तिथेच गेले, शिवाय पाच माणसांचं पाच दिवसांचं खाणं, त्यात सुरमई थाळी, त्याचे भाव मी लिहीत नाही, बीपी वाढतं. सांगायचं काय, तर ट्रीप महाग होते ती राहण्या-खाण्याने, पण शिव्या खातं पेट्रोल, कारण त्याचा भाव पंपावर मोठ्या आकड्यात लावलेला असतो.

तरी कॅन्सल नको म्हणतो याचा अर्थ आहे तसाच प्लॅन ठेवा असं नाही. पाच दिवसांत तीन मुक्काम म्हणजे निम्मी सुट्टी डिकी भरण्यात आणि रिकामी करण्यात जाते. एकच जागा धरा. तारकर्लीच हवी असेल तर कोल्हापूरवरून थेट उतरा, जाऊन येऊन साडेसातशे किमी, शंभर तिथलं फिरणं. निम्मा रस्ता हायवेचा म्हणून 15 चं अ‍ॅव्हरेज धरू, म्हणजे सहा हजारांत काम होतं. सव्वादोन हजार वाचले आणि चार रात्री एकाच ठिकाणी म्हटल्यावर होमस्टेवाल्याशी भावाचं बोलता येतं, मधल्या वारी गेलात तर जास्तच. फक्त मे संपता संपता तिथले वॉटर स्पोर्ट्स आणि किल्ल्याच्या होड्या बंद होतात, तेव्हा स्वस्त मिळतंय म्हणून एकदम शेवटच्या आठवड्यात जाऊ नका, पोरं तोंड पाडून बसतील.

आणि खरंच हात आखडता असेल तर ताम्हिणीतून दिवेआगर. सगळं मिळून चारशे किमी, पेट्रोल तीन हजार. समुद्र तोच आहे.

(किनाऱ्याकिनाऱ्यानेच जायचा हट्ट असेल तर बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड इथे गाडीसकट फेरीबोटीने खाडी ओलांडा. तिकीट लागतं, पण खाडीला वळसा घालून जो तास-दोन तासांचा फेरा पडतो त्यापुढे ते काहीच नाही, आणि मुलांना बोटच जास्त लक्षात राहते.)

प्रश्न : दरवर्षी मे महिन्यात गाडीने राजापूरला गावी जातो. मी, मिस्टर, सासूबाई (वय 76), मुलगी 9 वर्षांची, मुलगा 4 वर्षांचा. यंदा ट्रेनचं वेटिंग आहे. गाडीच काढावी का? (वाचक, ठाणे)

ताई, तुमच्या घरात एसटीची लॉटरी लागलीये आणि तुम्हाला माहीतच नाही. मिस्टरांचं फुल तिकीट. तुमचं अर्धं, 17 मार्च 2023 पासून बायकांना एसटीच्या सगळ्या गाड्यांत निम्मं भाडं आहे. मुलीचं अर्धं. सासूबाई 75 च्या पुढच्या, त्या फुकट, आधार कार्ड जवळ ठेवा. मुलगा पाचच्या आतला, तोही फुकट, पण मांडीवर घ्यावा लागेल. म्हणजे पाच माणसं दोन तिकिटांत! साध्या गाडीचं सहाशे-साडेसहाशे धरलं तर जाऊन येऊन अडीच हजार आणि वर रिझर्वेशनचे किरकोळ. गाडीने साडेआठशे किमी, 15 चं अ‍ॅव्हरेज, म्हणजे सहा हजारांच्या आसपास पेट्रोल, टोल वेगळा.

आता दुसरी बाजू पण सांगतो, रात्रभर एसटीत 76 वर्षांच्या बाईंची कंबर काय म्हणेल ते तुम्हाला जास्त माहीत. आणि गावात पोचल्यावर बाजाराला, देवळात, माहेरी जायला रिक्षाच करणार असाल तर वाचलेले पैसे तिथे जातात. आठवडाभर घरातच लोळणार असाल तर एसटी, रोज कुणाकडे तरी जेवायला जाणार असाल तर गाडी.

ट्रेनचं म्हणाल तर रिझर्वेशन आता 60 दिवस आधीच उघडतं, पूर्वी 120 होतं, त्यामुळे तारीख मोबाईलमध्ये लावून सकाळी आठला बसावं लागतं. यंदा उन्हाळी स्पेशलवर लक्ष ठेवा. आणि कोणी म्हणेल गाडी ट्रेनवर चढवून न्या, 2025 च्या गणपतीत कोकण रेल्वेने कोलाड ते वेर्णा तशी रो-रो काढली होती, एका बाजूचे कारचे 7,875 रुपये आणि माणसांचं तिकीट वेगळं. तेवढ्या अंतराला पेट्रोल लागतं तीन-सव्वातीन हजारांचं. ड्रायव्हिंगचा त्रास वाचेल हो, पैसे नाही.

प्रश्न : गोव्यात पेट्रोल स्वस्त मिळतं म्हणतात, कॅनमध्ये भरून आणलं तर? (वाचक, सांगली)

नका आणू. बंद गाडीत, मे महिन्याच्या उन्हात, मुलांच्या मागे पेट्रोलचा कॅन! टाकीपुरतं बघा. गोव्यात टॅक्स कमी म्हणून आपल्यापेक्षा लिटरमागे सहा-सात रुपयांचा फरक असतो (2012 साली तर पर्रीकरांनी व्हॅट जवळजवळ शून्यावर आणून पेट्रोल अकरा रुपयांनी खाली आणलं होतं, ते दिवस गेले). जाताना घरून टाकी फुल्ल करू नका, गोव्याच्या सीमेवरचं पत्रादेवी ओलांडण्यापुरतं ठेवा आणि येताना गोव्यातूनच काठोकाठ भरा. चाळीस लिटरला अडीचशे-पावणेतीनशे वाचतात. त्यासाठी वाट वाकडी करू नका.

प्रश्न : फास्टॅगचा वार्षिक पास घ्यावा का? (वाचक, कोल्हापूर)

15 ऑगस्ट 2025 ला सुरू झाला तेव्हा 3,000 रुपयांत 200 फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. नाक्याला सरासरी शंभर धरले तर तीस नाक्यांत पैसे वसूल. तुम्हाला पुण्याला जाऊन येऊन आठ नाके लागतात, म्हणजे वर्षात चार चकरा असतील तर डोळे मिटून घ्या. पण मुंबई-पुणे एक्सप्रेस वे आणि समृद्धीवर तो चालत नाही, तिथे नेहमीसारखे पैसे कटतात आणि मग लोक मला फोन करतात.

प्रश्न : एडिसनहून नायगराला मिनीव्हॅनने जायचं होतं, आईबाबा आलेत भारतातून. गॅस वाढल्यामुळे जवळपास कुठेतरी जावं का? (वाचक, न्यू जर्सी)

(इकडच्या वाचकांनी सिलिंडर समजू नये, तिकडे पेट्रोललाच गॅस म्हणतात.) जाऊन येऊन आठशे मैल, 25 चं मायलेज, म्हणजे 32 गॅलन. गॅलनमागे अख्खा डॉलर वाढला तरी 32 डॉलर, एवढ्यासाठी आईबाबांचा नायगरा बुडवू नका, ते काय दरवर्षी येणार आहेत? जून 2022 मध्ये तिकडे सरासरी भाव पहिल्यांदा पाच डॉलरच्या वर गेला तेव्हाही असंच गणित होतं. निघताना जर्सीतच टाकी भरा, पेन्सिल्व्हेनियात टॅक्स जास्त आहे. आणि वीकेंड सोडून जा, हॉटेलमध्ये त्या 32 च्या कितीतरी पट सुटतील. नुसता धबधबाच दाखवायचा असेल तर न्यूयॉर्क राज्यातलंच वॉटकिन्स ग्लेन नायगरापेक्षा बरंच जवळ आहे, पण तिथे पायऱ्या फार, आईंचे गुडघे विचारात घ्या.

प्रश्न : पेट्रोल वाचवायला दोन गाड्यांऐवजी आमची एकच सात सीटर नेतोय, साडूंचं कुटुंब सोबत. आम्ही चार, ते तीन. पेट्रोल कसं वाटायचं? मागायला ऑकवर्ड होतं. (वाचक, पुणे)

एक गाडी नेताय ते बेस्ट, या पानावरच्या सगळ्या युक्त्यांपेक्षा जास्त पैसे यात वाचतात. डोकी मोजू नका, पोरांची डोकी तर अजिबात नको. निघताना टाकी फुल्ल, परत आल्यावर पुन्हा फुल्ल, मधल्या सगळ्या पावत्या आणि टोल एकत्र करून सरळ दोन भाग. तुमची चार माणसं असून निम्मंच देताय असं साडूंना वाटेल, तर टायर, सर्व्हिसिंग, सीटवर सांडलेली सोलकढी हे सगळं तुमच्याच बोकांडी बसणार आहे, त्यात फिटलं. पहिला पंप आला की तुम्ही भरा आणि तिथेच म्हणा, पुढचा तुमचा. पुढच्या पंपावर साडू नेमके बाथरूमला गेले तर गाडी लाईनमधून बाजूला घ्या आणि निवांत चहा मागवा, येतात ते.