आईला सतत धाकधूक असते, झोप नाही. देवगडहून कोल्हापूरला नेऊन मेंदूचा एमआरआय काढला तर नैराश्य की चिंता हे कळेल का?

नाही कळणार. साध्या एमआरआयमध्ये मेंदूची ठेवण दिसते. गाठ किंवा रक्तस्राव नाही ना, एवढी खात्री होते. म्हणून डॉक्टरांनी सांगितला असेल तर जरूर काढा, पण आपल्या मनाने नको.

तुम्ही वाचलं असेल ते फंक्शनल एमआरआयबद्दल. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिथे प्राणवायूयुक्त रक्त जास्त येतं, ते हे यंत्र टिपतं. जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी 1990 मध्ये याचा पाया घातला. घाबरलेले चेहरे दाखवले की चिंताग्रस्तांच्या गटात अमिग्डाला, म्हणजे बदामाएवढा एक भाग, सरासरीने जास्त चेततो असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं. पण ती गटाची सरासरी! एकट्या माणसाचं चित्र बघून निदान होत नाही. पेटीचं वजन करून नेमक्या कुठल्या हापूसमध्ये साका आहे ते कळतं का?

आणि ते नळकांडं! मी पडलोय त्यात. ठकठक ठकठक, मान हलवायची नाही. धडधाकट असून माझीच छाती धडधडायला लागली.

आधी थायरॉइड तपासा, मग मानसोपचारतज्ज्ञ. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तोवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.