अमेरिकेत कॅम्पसवर राहून एमएस करताना पहिल्याच वर्षी गाडी घ्यावी का?

आपला प्रश्न असा आहे की, एमएससाठी अमेरिकेला निघताना विद्यापीठाच्या आवारातच राहायचे नक्की झाले आहे, तिथले सीनियर मात्र "गाडीशिवाय इथे पान हलत नाही" असे सांगत आहेत, तर पहिल्याच सत्रात एखादी जुनी गाडी घेऊन टाकावी का. माझे मत असे की पहिल्या वर्षी घेऊ नये. हे मी स्वतः गाडी घेऊन, ती अकरा महिने वापरून आणि तोट्यात विकून झाल्यावर सांगतो आहे.

मी 2016 साली इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन येथील आवारात राहायला गेलो. भोवती मैलोन्मैल मका आणि सोयाबीनची शेते, शिकागो दोनशेहून अधिक किलोमीटर दूर. नकाशा पाहून कोणालाही वाटेल की इथे गाडी हवीच. प्रत्यक्षात या जोडगावांची बससेवा आपल्याकडच्या पुष्कळ शहरांना हेवा वाटावा इतकी चांगली आहे. बसचे पैसे विद्यार्थी शुल्कातच घेतलेले असल्यामुळे ओळखपत्र दाखवले की चढता येते, आणि आवारातल्या ठरावीक थांब्यांवर तर तेही दाखवावे लागत नाही. '22 इलायनाय' ही बस वर्दळीच्या वेळी थांब्यावर पाय ठेवेपर्यंत येते. रात्री उशिरा प्रयोगशाळेतून एकट्याने निघायचे असेल तर 'सेफराइड्स'ची गाडी बोलावता येते. शिकागोसाठी शॅम्पेनच्या मध्यवस्तीतून ॲमट्रॅकची रेल्वे आहे. वेळापत्रकानुसार ती तीन तासांच्या आत पोहोचते, मात्र रूळ मालवाहतूक करणाऱ्या कंपनीच्या मालकीचे असल्याने मालगाडीसाठी मध्येच थांबून राहण्याची तयारी ठेवावी.

खरी अडचण वाणसामानाची होते. वीस पौंडांची तांदळाची पिशवी, जवळपास चार किलो भरणारा दुधाचा गॅलनचा कॅन, कांदे-बटाटे आणि वरून कोणीतरी सांगितलेले आणखी काही, असे सगळे घेऊन उणे पंधरा अंशांत बसची वाट पाहत उभे राहिले, की पिशव्यांचे बंद हातमोज्यांतूनही बोटांत रुततात आणि सीनियरांचे म्हणणे पटू लागते. मलाही ते अशाच एका जानेवारीत पटले आणि शिक्षण संपवून निघालेल्या एका ओळखीच्याकडून बारा वर्षे जुनी गाडी मी घेतली. आधीच्या हिवाळ्यात मी ज्या चिनी विद्यार्थ्यांच्या दोन चाकांच्या घडीच्या ट्रॉलीला आजीबाईंची भाजीची गाडी म्हणून हसत होतो, तीच ट्रॉली घेतली असती तर वीस-पंचवीस डॉलरांत काम झाले असते.

गाडीची किंमत हा त्या खर्चातला सर्वांत लहान धक्का होता, असे आता वाटते. अमेरिकेत गाडी चालवल्याचा पूर्वेतिहास नसलेल्या, पंचविशीच्या आतल्या चालकाला विमा महाग पडतो, आणि कायद्याने सक्तीचा असलेला किमान विमा फक्त समोरच्याची नुकसानभरपाई करतो, आपल्या गाडीची नाही. नोंदणीचे वार्षिक शुल्क तेव्हा 101 डॉलर होते, 2020 पासून ते 151 झाले. वाहनतळाचा परवाना वेगळा, आणि तोही माझ्या खोलीपासून दहा मिनिटे चालत जाण्याच्या अंतरावरच्या वाहनतळाचा. म्हणजे गाडीपर्यंत पोहोचेपर्यंत वाटेत एक बस मला ओलांडून जात असे. फेब्रुवारीतल्या एका सकाळी काचेवरचा बर्फ खरवडायचे साधन सापडेना म्हणून मी डोशाच्या उलथन्याने काच मोकळी केली, आत बसून किल्ली फिरवली आणि थंडीने बॅटरी बसली आहे हे मला तेव्हा कळले. त्या दिवशीच्या वर्गाला मी अर्थातच बसने गेलो.

आणखी एक खर्च कोणी सांगत नाही. गाडीवाला विद्यार्थी हा आपोआपच साऱ्या मित्रमंडळींचा सारथी होतो. शुक्रवारी संध्याकाळी "सहज फोन केला" असे म्हणणाऱ्या मित्राला इंडियन स्टोअरला जायचे असते, आणि भर परीक्षेत कोणाला तरी विमानतळावर सोडायचे असते. पेट्रोलचे पैसे सगळे देऊ करतात, पण गेलेली संध्याकाळ कोणी भरून देत नाही.

तरीही हे उत्तर सगळीकडे लागू पडणार नाही. टेक्सासमधले आर्लिंग्टन पाहा. सुमारे चार लाख वस्तीच्या या शहरातल्या विद्यापीठात आपली मुले मोठ्या संख्येने असतात, पण शहरात ठरावीक मार्गांवर धावणारी बससेवाच नाही. 2017 पासून तिथे मागणीनुसार बोलवायच्या व्हॅन आहेत. अशा गावात आवाराबाहेर पडायचे म्हटले की दर वेळी कोणाचे तरी पाय धरावे लागतात, आणि तिथे दोघा-तिघांनी मिळून गाडी घेतली तर मी त्यांना वेडे म्हणणार नाही. सोबत लहान मूल असेल किंवा संशोधनाचे काम गावाबाहेरच्या शेतावर असेल, तरीही हिशेब बदलतो.

एरवी पहिल्या वर्षी गाडीने जाण्यासारखी नोकरीही नसते. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आवारातच, आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येते, आणि सीपीटीखाली, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून मिळणाऱ्या कामाच्या परवानगीखाली, बाहेर इंटर्नशिप करण्याआधी साधारणपणे एक शैक्षणिक वर्ष पूर्ण व्हावे लागते. ती इंटर्नशिप एखाद्या उपनगरातल्या ऑफिस पार्कमध्ये मिळाली की गाडीची गरज खरोखर निर्माण होते, आणि तोवर हातात थोडे पैसेही आलेले असतात.

गाडी चालवण्याचा परवाना मात्र पहिल्याच वर्षी काढावा, कारण तासाच्या भाड्याने गाडी घ्यायची तरी तो लागतोच. निघण्यापूर्वी इथे चारचाकीवर हात बसवून घ्यावा. तिथे उजव्या बाजूने चालवण्याची सवय आठवडाभरात होते. थांबलेल्या शाळेच्या बसचे लाल दिवे लुकलुकत असताना आपणही थांबायचे असते, हे अंगवळणी पडायला मला अधिक वेळ लागला.

आपण विद्यापीठाचे नाव दिलेले नाही, म्हणून एक तपासणी आपणच करावी. नकाशावर वसतिगृहापासून जवळच्या मोठ्या किराणा दुकानापर्यंतचा बसचा प्रवास रविवार सकाळची वेळ टाकून पाहावा, आणि मग तोच प्रवास डिसेंबरच्या सुट्टीतल्या तारखेने पुन्हा पाहावा, कारण विद्यापीठ बंद असताना पुष्कळ ठिकाणी बसफेऱ्या कमी होतात. दोन्ही वेळा अर्ध्या-पाऊण तासात पोहोचता येत असेल, तर गाडीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून चांगला कोट आणि बर्फातले बूट घ्यावेत. आणि हो, ती ट्रॉलीसुद्धा.