४११ विकून ४५० घ्यावी का? कोरेगावच्या दादांना उत्तर

दादा, प्रश्न दोनदा वाचला. तुमची २०१९ ची रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ मोटरसायकल, अठ्ठेचाळीस हजार किलोमीटर झालेली. ग्रुपमध्ये सात जण आणि त्यांचे दोन तट. एक तट म्हणतो नवीन हिमालयन ४५० आल्यावर जुनीत काय उरलंय, दुसरा म्हणतो नवीन ती हिमालयनच नव्हे. एकानं जुनीला ट्रॅक्टर म्हणायचं, दुसऱ्यानं नवीनला मोबाईल. आणि तुम्ही मध्ये बसून विचारताय, विकू की ठेवू?

उत्तर आधीच देतो, या वर्षी विकू नका. कारणं मात्र ग्रुपमध्ये चाललीत ती नाहीत.

माझ्याकडे ४११ सात वर्षं आहे, मेव्हण्याकडे ४५०. गेल्या दिवाळीनंतर आम्ही महिनाभर गाड्या अदलाबदल करून वापरल्या. तोवर मीही जुनीवाल्यांच्याच बाजूचा होतो, खोटं कशाला बोलू.

दोन्ही इंजिनांची घडणच निराळी आहे. जुन्याचा बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, ७८ मिमी आणि स्ट्रोक ८६, म्हणजे पिस्टनची धाव लांब. ३२ न्यूटन मीटरचा टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, चार-साडेचार हजार आरपीएमलाच (मिनिटाला इंजिनाचे तेवढे फेरे) हातात येतो. नव्याचा बोअर ८४, स्ट्रोक ८१.५. टॉर्क ४० आहे, पण साडेपाच हजाराला, आणि ४० पीएसची सगळी ताकद हवी तर आठ हजारापर्यंत ओढायला लागतं. शिवाय जुन्याला पाच गिअर, नव्याला सहा. कागदावर नवीन सगळीकडे पुढे.

आता यवतेश्वरचा घाट. रविवारची सकाळ, कासला निघालेल्या गाड्यांची रांग, पुढे एसटी, मागे बायको, दोन्ही बाजूंना भरलेल्या बॅगा. मी ४५० वर, तिसऱ्या गिअरला. वळणावर एसटी जवळजवळ थांबलीच. माझी गाडी अशा वेळी डुगडुगत का होईना निघून जाते, त्यामुळे मी गिअर पाडलाच नाही. हिनं दोन हिसके दिले आणि बंद पडली. डावा पाय टेकवायला गेलो तर रस्त्याची कड खाली उतरलेली. जुन्या सीटची उंची ८०० मिमी, हिची खालच्या सेटिंगला ८२५. इंचभर फरक, पण त्या क्षणी तो इंच मला विहिरीएवढा वाटला. बायको शांतपणे उतरली आणि म्हणाली, "मी चालत येते वरपर्यंत, तुम्ही या सावकाश."

चूक गाडीची नव्हती, माझ्या डाव्या पायाची होती. सात वर्षांत त्याला गिअर पाडायची सवयच उरली नव्हती. पंधरा दिवसांत ती लागली आणि मग त्याच वळणाला काही वाटेना. "नवीनला खालून, कमी आरपीएमला, जीवच नाही" असं छातीठोक सांगणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तिच्यावर पंधरा किलोमीटरसुद्धा काढलेले नसतात. उलट नवीनचं कौतुक करणारे बहुतेक पुणे-सातारा-कोल्हापूर हायवेचे. तिथं त्यांचं खरंच आहे. शंभर-एकशेदहावर ४५० अशी जाते की जुनीवर परत बसल्यावर आपण उगाच तिला पळवतोय असं वाटतं.

पण दादा, तुमच्या रोजच्या रस्त्यात हायवे आहे कुठे? तुम्हीच लिहिलंय, कोरेगावहून कराडला कामाला रहिमतपूर-मसूरवरून जाता, आणि महिन्यातून एकदा वहिनींना घेऊन कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला, सासुरवाडीला. यात सहावा गिअर टाकणार किती वेळा? नवीनचा एक फायदा मात्र तुम्हाला नक्की होईल. गळीत हंगाम सुरू झाला की त्या रस्त्यावर ऊसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात. त्यांना ओलांडताना नवीनचा पिकअप जीवाला आधार देतो. जुनीला तेवढ्यासाठी लांबवर मोकळा रस्ता बघायला लागतो, आणि रात्री तो दिसत नाही.

आता खरा मुद्दा. तुमच्या एवढ्या लांब पोस्टमध्ये वहिनींचा उल्लेख एकदाच, तोही सामानाच्या ओघात. त्यांना विचारलंत?

हे भांडण काही आपल्याच गावचं नाही. होंडानं २०१८ ला गोल्ड विंग ही लांबच्या प्रवासाची मोठी मोटरसायकल नव्यानं काढली. वजन चाळीसेक किलोनं उतरवलं, पुढचं सस्पेन्शन पार बदललं. चालवणारे खूश झाले. पण सामानाची जागा साधारण १५० लिटरवरून ११० वर आली, आणि नवरा-बायको मिळून आठ-आठ दिवस फिरणारे जुने गिऱ्हाईक चिडले. शेवटी २०२१ ला कंपनीनं टूर मॉडेलची मागची डिकी ५० लिटरवरून ६१ ची केली, म्हणजे दोन फुल फेस हेल्मेट बसावीत, आणि मागं बसणाऱ्याची टेकायची पाठही जास्त कलती केली. अठराशे सीसीच्या, सहा सिलिंडरच्या गाडीचा वाद शेवटी दोन हेल्मेट आणि एका पाठीवर येऊन ठेपला! आपल्याकडे मागं बसणाऱ्याचं मत कुणी धरतच नाही. माझ्या बायकोनं महिनाभरानंतर निकाल दिला तो असा: खड्ड्यात नवीन बरी, चढा-उतरायला जुनी बरी. तिला आरपीएम माहीत नाही, पण मला तरी तेवढा निकाल पुरला.

टायरचं थोडक्यात सांगतो. जुनीला ट्यूब आहे. बामणोलीच्या अलीकडे माझं मागचं चाक बसलं होतं. टॉमी लावून टायर काढताना मीच नवी ट्यूब चिमटली, मग तीच ठिगळ लावून परत घातली. दोन तास गेले. ४५० ला २०२४ पासून ट्यूबलेस स्पोकच्या चाकांचा पर्याय आहे. पुढंमागं कधी घेतलीत तर तीच चाकं घ्या, तिथं पैसे वाचवू नका.

पैशाचंही बघा. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांना जीएसटी ४० टक्के आहे, तर ३५० पर्यंत १८. तुमची विकून येणार किती आणि वरचे घालणार किती, हा हिशोब ग्रुपमधला कुणी तुमच्यासाठी करणार नाही. त्यापेक्षा यंदा मागचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर बघून घ्या, चेन-स्प्रॉकेट बदला आणि मागची सीट चांगल्या कुशनवाल्याकडून भरून घ्या. सीट भरायला वहिनींना बरोबर न्या, फोम त्यांनाच दाबून बघू दे.

आणि तरीही मन ऐकत नसेल तर शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर चक्कर मारून ठरवू नका. मेव्हण्याला विचारलंय, तो गाडी द्यायला तयार आहे. येत्या रविवारी सकाळी सहाला साताऱ्याच्या पोवई नाक्यावर या, सातनंतर घाटात गर्दी होते. चिपळूणला जाताना बॅगा भरता तशा भरून आणा. आणि वहिनी येणार नसतील तर तुम्हीही येऊ नका.