तव्याचा थर, धुण्याचे पाणी आणि विहीर

प्रश्न : लग्नात आलेल्या नॉनस्टिक तव्यावर आम्ही चुलीवर भाकरी करतो. आता त्याचा काळा थर निघू लागला आहे. अशा वस्तूंत आणि साबण-पावडरीत कधीच नष्ट न होणारी रसायने असतात, असे ऐकले. धुण्याभांड्याचे पाणी परसात जाते आणि विहीर जवळच आहे. आमच्या भागातल्या पाण्यात फ्लोराइड आहे म्हणतात, ते हेच का? पाणी उकळून प्यायले तर चालेल का?
– एक गृहिणी, केळापूर तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : फ्लोराइडबद्दल आधी सांगतो, कारण तुमच्या भागात खरी निकड त्याचीच आहे. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील अनेक गावांत ते खडकांतून भूजलात उतरते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे, असे भारतीय मानक सांगते. त्याहून जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेले, तर दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडे व सांधे आखडतात.

तुम्ही ऐकलेली रसायने वेगळी आहेत. पीएफएएस या नावाने ओळखला जाणारा हा हजारो रसायनांचा गट माणसाने तयार केलेला आहे, आणि त्यांत फ्लोरिन कार्बनला इतका घट्ट बांधलेला असतो की ऊन, पाणी किंवा मातीतले जिवाणू यांना तो बंध सहसा तोडता येत नाही. तेल आणि पाणी दोन्ही चिकटू नये म्हणून नॉनस्टिक भांडी, डाग न धरणारे कापड, तेलकट खाऊचे कागद आणि काही पॉलिश यांत ती वापरली गेली. त्यांपैकी पीएफओए हे नॉनस्टिक थर बनवताना लागत असे. शरीरात गेलेले पीएफओए निम्म्यावर यायलाच दोन ते चार वर्षे जातात. २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराने, म्हणजे न विघटणाऱ्या घातक रसायनांबाबतच्या आंतरराष्ट्रीय कराराने, त्याच्यावर बंधने आणली आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसात कर्करोग घडवणारे ठरवले.

तव्याचा एखादा कपचा भाकरीबरोबर पोटात गेला असेल, तर घाबरू नका. तो थर पचत नाही, तसाच बाहेर पडतो. मला काळजी वाटते ती चुलीच्या आचेची. हा थर सुमारे २६० अंशांपर्यंतच टिकतो आणि ३५० अंशांच्या पुढे त्यातून विषारी वाफा निघतात, ज्यांनी माणसाला फ्लूसारखा ताप येतो आणि पिंजऱ्यातले पक्षी दगावतात. सरपणाच्या जाळावर रिकामा तवा एवढा तापायला वेळ लागत नाही. भाकरीसाठी लोखंडी किंवा मातीचाच तवा ठेवा.

साबण-पावडरीचा फेस पाहून मात्र ती कधीच नष्ट होत नाही, असे समजू नका. जुन्या डिटर्जंटमधले मुख्य रसायन जिवाणूंना खाता येत नसे, म्हणून परदेशांत नद्यांवर फेसाचे थर साचत. १९६० च्या दशकात ते बदलण्यात आले, आणि आजचे रसायन हवा खेळणाऱ्या मातीत काही आठवड्यांत विघटते. तुमच्या परसाला त्रास होईल तो पावडरीतल्या सोड्याचा, कारण आपली काळी चिकण माती सोडियममुळे घट्ट होते आणि पाणी मुरू देत नाही. म्हणून हे पाणी रोज एकाच वाफ्यात सोडू नका, कच्च्या खायच्या पालेभाज्यांना देऊ नका आणि विहिरीपासून दूर, उताराच्या बाजूला शोषखड्डा करून त्यात वळवा. ‘जंतुनाशक’ साबणासाठी जास्त पैसे मोजू नयेत, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते. अशा साबणांत वापरले जाणारे ट्रायक्लोसान साध्या साबणापेक्षा सरस असल्याचा पुरावा उत्पादक देऊ शकले नाहीत, म्हणून २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हात धुण्याच्या साबणांत त्याला मनाई केली. शिवाय ते सांडपाण्याच्या गाळात बराच काळ टिकून राहते.

उकळल्याने जंतू मरतात, पण फ्लोराइडही जात नाही आणि पीएफएएसही. उलट पाणी आटल्याने दोन्हींचे प्रमाण थोडे वाढतेच. आरओ यंत्राने दोन्ही बरीच कमी होतात, मात्र यंत्रातून बाहेर पडणारे क्षारयुक्त पाणी स्वयंपाकाला किंवा जनावरांना देऊ नये. आधी ग्रामपंचायतीमार्फत विहिरीच्या पाण्यातील फ्लोराइड तपासून घ्या. आणि थर निघालेला तवा खरवडून पुन्हा वापरू नका, चुलीत टाकू नका आणि उकिरड्यावरही फेकू नका, कारण उकिरड्याचे खत पुढे वावरातच पडते.