सूत्रे पाठ आहेत, तरी उदाहरण सुटत नाही

“व्याख्या विचारा, सूत्रे विचारा, धडाधड सांगते; पण पेपरात चार ओळींचे उदाहरण आले की पेन हातात धरून नुसती बसून राहते. हिला दहावीनंतर सायन्सला घालावे की नाही?” नववी-दहावीतल्या मुलांचे पालक हा प्रश्न घेऊन माझ्याकडे नेहमी येतात, आणि सहामाहीचे गुण हाती पडले की असे येणे वाढते. ‘मुलाचे डोके भौतिकशास्त्रात चालत नाही’ असे निदान त्यांनी बहुधा घरीच करून टाकलेले असते. ते मी सहसा मान्य करत नाही. का करत नाही, हे नववीतल्या एका मुलीच्या अनुभवावरून सांगते. तिचे नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत; तिला मृणाल म्हणू.

मृणालला क्लास होता. तेथे सर फळ्यावर उदाहरणे सोडवत आणि ती ती वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेई. रात्री वडील शिकवायला बसत आणि थोड्याच वेळात त्यांचा आवाज चढे: “अगं, एवढे सोपे आहे!” (हे वाक्य मुलांना किती लागते याची मोठ्यांना कल्पना नसते, सोपेही जमत नाही, एवढाच अर्थ त्यातून मुलांपर्यंत पोहोचतो.) गुण न विचारता मी तिची उत्तरपत्रिका पाहायला मागितली.

त्यातले एक उदाहरण असे होते: 20 किलोग्रॅम वस्तुमानाची पेटी जमिनीला समांतर 50 न्यूटन बल लावून एकसमान वेगाने 5 मीटर ओढली, तर त्या बलाने केलेले कार्य किती? मृणालने 20, 9.8 (गुरुत्व त्वरण) आणि 5 यांचा गुणाकार करून 980 ज्यूल लिहिले होते, म्हणजे पेटी 5 मीटर वर उचलण्याचे कार्य. गुणाकार अचूक होता. पेटी मात्र कोणी उचललेलीच नव्हती. बल 50 न्यूटन, बलाच्याच दिशेने झालेले विस्थापन 5 मीटर, म्हणून कार्य 250 ज्यूल, एवढाच मामला होता. “वीस का घेतलेस?” असे विचारल्यावर ती म्हणाली, “मॅडम, दिलेत म्हणजे वापरायलाच पाहिजेत ना?”

तिची खरी अडचण या उत्तरात होती. उदाहरण वाचताना ती आकड्यांभोवती गोल करी आणि मग जुडग्यातली एकेक किल्ली कुलपात घालून पाहावी तशी सूत्रे लावून पाही. ज्यात अधिकाधिक आकडे बसतील ते सूत्र खरे. ही खोड तिच्या एकटीची नाही. संशोधक मिशेलीन ची (Chi) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवशिके विद्यार्थी भौतिकशास्त्रातल्या उदाहरणांची वर्गवारी उतरण, कप्पी अशा वरवरच्या साम्यावरून करताना, तर तज्ज्ञ मंडळी त्यामागच्या तत्त्वावरून करताना दिसली होती. त्यात भीतीची भर पडली की मन आकडेमोडीसोबत ‘मला हे जमणार नाही’ हा विचारही वाहत राहते आणि प्रसंग डोळ्यांपुढे उभा करायला जागाच उरत नाही.

पुढच्या बैठकींत मी तिला उदाहरणातले आकडे कागदाच्या पट्टीने झाकायला लावले. कोण कशाला ढकलते आहे, वस्तू कोणत्या दिशेला सरकली, तिचा वेग बदलला की तसाच राहिला, हे तिने आधी तोंडी सांगायचे, मग बाण काढून आकृती करायची आणि सूत्र सर्वांत शेवटी. पेटीची आकृती काढताना ती स्वतःच अडली: वेग एकसमान असेल तर दुसऱ्या बाजूनेही 50 न्यूटनचा बाण हवा. तो घर्षणाचा. घर्षणाने केलेले कार्य उणे 250 ज्यूल, म्हणून एकूण कार्य शून्य, इथपर्यंत ती फारशा मदतीविना आली.

त्यानंतर पंपाचे उदाहरण घेतले: 500 लीटर पाणी 12 मीटर उंचीवरील टाकीत 10 मिनिटांत चढवायचे, तर शक्ती किती लागेल? सोडवण्यापूर्वी मी तिला अंदाज करायला सांगितला आणि तिने “गिझरएवढी, दोन हजार वॅट” असे ठोकून दिले. एक लीटर पाण्याचे वस्तुमान एक किलोग्रॅम धरून कार्य 58,800 ज्यूल आले, 10 मिनिटांचे 600 सेकंद केले आणि उत्तर निघाले 98 वॅट. इतके कमी आलेले पाहून ती खोडायलाच निघाली होती. मी तिला फक्त एकके पुन्हा तपासायला लावली. ती बरोबर होती. थोडा वेळ गप्प राहून तिने विचारले, “मग आमच्या सोसायटीत एक अश्वशक्तीचा पंप कशाला?” एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॅट, ऊर्जा कुठेही वाया गेली नाही, तर हेच काम सुमारे 79 सेकंदांत होईल, प्रत्यक्षात मात्र मोटार, पंप आणि नळातले घर्षण आपापला वाटा घेतात, हे आम्ही मग सावकाश पाहिले. स्वतःहून प्रश्न विचारण्याची तिची ही पहिलीच वेळ होती आणि माझ्या लेखी ती बरोबर उत्तराहून महत्त्वाची होती.

वडिलांना मी शिकवणे थांबवून दोनच प्रश्न विचारायला सांगितले: ‘येथे काय घडते आहे?’ आणि ‘उत्तर साधारण किती यावे?’ सुरुवातीला त्यांना हे फार जड गेले. क्लास चालू ठेवला, पण फळ्यावरचे उदाहरण उतरवून घेतल्यावर वही मिटून ते पुन्हा सोडवायचे, असे ठरले.

पुढच्या चाचणीत मृणालची दोन उदाहरणे चुकलीच. त्यांपैकी एकात आकृती आणि समीकरण बरोबर होते, मिनिटांचे सेकंद करायचे राहिले होते; आधीच्या उत्तरपत्रिकेत अशा जागा कोऱ्या असत. सायन्सचे काय, असे आईने पुन्हा विचारले, तेव्हा मी सांगितले की तो निर्णय दहावीच्या निकालानंतर मृणालची आवड पाहून घ्या. नववीच्या एका धड्यातल्या गुणांवर तो आज उरकून टाकू नका.